सेविचे म्हणजे कच्चाच मासा खातात का? आणि हा पदार्थ मूळचा कुठला?

सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला मासा, मूळचा पेरू देशाचा. इक्वाडोर, मेक्सिकोवालेही आपापला सेविचे करतात पण मान पेरूचाच, तिथे २८ जूनला सेविचे दिवस असतो आणि २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही त्यांचाच गेला.

असं मानतात की किनाऱ्यावरचे मोचे लोक फार पूर्वी तुंबो नावाच्या आंबट फळाच्या रसात मासा मुरवायचे. लिंबू आणि कांदा नंतर स्पॅनिश लोकांनी आणले, म्हणजे आजच्या सेविचेतल्या दोन मेन गोष्टी बाहेरच्याच, गंमत आहे ना! पूर्वी मासा तासन्‌तास लिंबात ठेवायचे, पुढे तिथे स्थायिक झालेल्या जपानी लोकांमुळे हे काम काही मिनिटांवर आलं आणि माझ्या मते तेच बेस्ट, जास्त मुरवला की मासा रबरासारखा लागतो.

आता कच्चा का, तर आच लागत नाही पण लिंबाच्या आंबटाने प्रोटीन बदलतं, पारदर्शक तुकडा कडेने पांढरा होत जातो, डोळ्यांदेखत. मात्र त्याने जंत मरतीलच असं नाही, त्यामुळे आपल्याकडे बाजारातला साधा मासा आणून घरी प्रयोग नको, आपण लिंबू-मीठ लावतो ते नंतर तळायचं म्हणून.

सोबत उकडलेलं रताळं, मका आणि वाटीत उरलेला तो आंबट-तिखट पांढरट रस, त्याला तिथे 'वाघाचं दूध' म्हणतात आणि हँगओव्हरवर उतारा म्हणून चक्क पितात.