स्वस्त बोर्ड घेण्यापूर्वी

फोंड्यात बसून ऑनलाइन बोर्ड, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावरचा छोटा संगणक, मागवणार असशील, तर रॅम आणि किंमत नंतर बघ. आधी त्याच्या चिपला मूळ लिनक्स कर्नलमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात) आधार आहे का, ते तपास. पीसीवर सापडतं तसं एआरएम प्रोसेसरच्या या बोर्डांवर कर्नलला सगळं हार्डवेअर आपोआप सापडत नाही. कुठली पिन, कुठलं घड्याळ (क्लॉक सिग्नल), कुठला व्होल्टेज रेग्युलेटर, हे 'डिव्हाइस ट्री' नावाची फाइल सांगते. ती मूळ कर्नलमध्ये नसेल तर तू विक्रेत्याच्या जुन्या इमेजवर (कार्डावर टाकायच्या तयार सिस्टमवर) अडकतोस. ऑलविनर एच३ या चिपचे बोर्ड सुरुवातीला जुन्या ३.४ कर्नलवरच चालायचे. स्वयंसेवकांनी चिकाटीने काम केलं म्हणून आज त्यांवर आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) नीट चालतं. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पहिलाच बोर्ड असेल तर सरळ रास्पबेरी पाय घे, थोडा महाग पडला तरी.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुला माहीतच आहे. लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्डावरची फाइल सिस्टम बिघडू शकते. चांगला अॅडॉप्टर आणि छोटा यूपीएस घे, कार्डाची एक प्रत काढून ठेव. एचडीएमआयवर काहीच दिसलं नाही तर सीरियल कन्सोल (बोर्डाचे संदेश केबलने दुसऱ्या संगणकावर दाखवणारी जोडणी) जोड, फक्त केबल ३.३ व्होल्टची हवी.