‘सैतानावर अधिकार’ : इथे अधिकार म्हणजे नेमकं काय?

नागपूरहून एका वाचकाने विचारलं आहे : ‘आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी आध्यात्मिक युद्धावर मराठीत धडे लिहितो आहे. “ख्रिस्ताने आपल्याला सैतानावर अधिकार दिला आहे” या वाक्यावर एका मुलीने हटकलं, की अधिकार म्हणजे हक्क ना, मग सैतानावर आपला कसला हक्क? तिथे “सत्ता” किंवा “सामर्थ्य” लिहू का? प्रार्थनेत “मी अधिकार घेतो” म्हणतात ते चालेल का? आणि सैतान की शैतान?’

‘अधिकार’च ठेवा. पण मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि धड्यात त्याचं उत्तर यायला हवं, कारण मराठीत हा एक शब्द आज तीन वेगळ्या कामांना जुंपलेला आहे.

शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या कानावर पडतो तो पहिला अर्थ हक्काचा. मूलभूत अधिकार, 2005 चा माहितीचा अधिकार. हे माझं आहे, ते मला मिळालंच पाहिजे, असा त्याचा रोख. दुसरा अर्थ कारभारातला : जिल्हाधिकारी, अधिकारपत्र, अधिकारक्षेत्र. इथे कुणीतरी वरच्याने नेमलेलं असतं आणि त्या नेमणुकीच्या हद्दीत शब्द चालतो. हा अर्थ फार जुना आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘अधिकारसूत्र’ असतं. ते एकदा सांगितलं की पुढच्या सूत्रांवर, ठरलेल्या हद्दीपर्यंत, त्याचा अंमल चालतो. तिसरा अर्थ परमार्थातला, पात्रतेचा. ‘अधिकारी पुरुष’, ‘त्यांचा अधिकार मोठा’ असं आपण म्हणतो तेव्हा साधनेने आलेली योग्यता अभिप्रेत असते. तुकोबांचं ‘अधिकार तैसा करूं उपदेश’ याच अर्थाचं.

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नव्या करारातला शब्द दुसऱ्या अर्थाचा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एक्झूसिया’. तो ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ ‘मुभा आहे, परवानगी आहे’. सामर्थ्यासाठी ग्रीकमध्ये ‘दुनामिस’ हा वेगळा शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायातल्या एकोणिसाव्या वचनात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, म्हणून तुमच्या धड्याला त्याहून चांगलं वचन मिळणार नाही. येशू शिष्यांना सांगतो की शत्रूच्या सगळ्या दुनामिसवर मी तुम्हाला एक्झूसिया दिली आहे. शत्रूजवळ जोर आहे हे तो नाकारत नाही. शिष्यांच्या अंगात त्याहून जास्त जोर भरला असंही इथे म्हणत नाही. त्यांना दिला आहे तो अधिकार. इथे ‘सामर्थ्य’ लिहिलंत तर वाक्याचा कणाच मोडेल, मग सामर्थ्यावर सामर्थ्य एवढंच उरेल आणि वाचणारं पोर स्वतःच्या दंडाकडे बघू लागेल. लूकच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी बारा जणांना सामर्थ्य आणि अधिकार दोन्ही दिल्याचं लिहिलं आहे हे खरं, पण ते दोन शब्दांत, वेगवेगळं सांगितलं आहे.

‘सत्ता’ शब्दाला माझी हरकत वेगळी आहे. सत्ता मिळते तशी बळकावताही येते. राजकारणामुळे आज तर त्या शब्दाला बळकावण्याचाच वास जास्त. प्रचलित मराठी भाषांतरात कलस्सैकरांस पत्रात ‘अंधाराच्या सत्तेतून’ सोडवल्याचं आहे. तिथेही मूळ ग्रीक शब्द एक्झूसियाच आहे, पण अंधाराला ‘सत्ता’ शब्द शोभतो. उलट पुनरुत्थानानंतर, मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, स्वतः येशू स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सर्व अधिकार आपल्याला ‘दिलेला’ आहे असं म्हणतो. तो अधिकारही दिलेलाच, मग आपल्याकडे असलेला काय सांगावा.

हे सगळं ज्याला नेमकं कळलं होतं तो एक परका रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार. मत्तयाच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, मीही ताबेदार मनुष्य आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की तो जातो. ‘ताबेदार’ हा शब्द मला विलक्षण आवडतो. आज तो बोलण्यातून जवळजवळ गेला, पण त्यात सगळं आलं आहे. शिपाई त्याचं ऐकतात, कारण तो स्वतः कुणाच्या तरी ताब्यात आहे. याकोबाच्या पत्रातला क्रमही असाच लागतो : आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल. ‘अधीन’ आणि ‘अधिकार’ दोन्हींत तोच ‘अधि’ हा उपसर्ग, म्हणजे ‘वर’. आपल्या वर कोण आहे हे ठरल्याशिवाय आपल्या खाली काय आहे हे ठरत नाही. मुलीला समजावताना हे दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहा.

आता खरी गफलत होते ती तिसऱ्या अर्थाने, आणि इथे धड्यात थोडं थांबावं असं मला कळकळीने वाटतं. आपल्या मातीत ‘अधिकार’ म्हटलं की मोठ्या तपाचा माणूस डोळ्यांसमोर येतो. मग मंडळीतही ‘अमक्या भावांचा अधिकार मोठा, त्यांनाच बोलवा’ सुरू होतं. पण लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात परत येऊन ‘तुझ्या नावाने भुतंही आम्हाला वश होतात’ असं सांगणाऱ्या सत्तर शिष्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवलेली नाहीत. येशू त्यांना लगेच सांगतो की आत्मे वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. उलट बाजू प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात आहे. स्किवा नावाच्या यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला जातात. दुरात्मा विचारतो, येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि ते उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळतात. नाव बरोबर होतं, उच्चारही बरोबर असेल, पण ते ज्याचं नाव घेत होते त्याचे ताबेदार नव्हते.

यावरून ‘मी अधिकार घेतो’चं उत्तर मिळतं. मराठीत अधिकार असतो, मिळतो, दिला जातो, सोपवला जातो, वापरला जातो. ‘घेतो’ म्हटलं की ‘ताबा घेतो’ची जवळीक वाटते. ही रचना इंग्रजी प्रार्थनेतून आली आहे, आपल्याकडे बऱ्याचदा हिंदीवाटे. नागपुरात एकाच घरात उपासना हिंदीत आणि जेवताना बोलणं मराठीत, हे नेहमीचं, तेव्हा तसं होणारच. धड्यात ‘प्रभूने दिलेल्या अधिकाराने’ किंवा ‘प्रभू येशूच्या नावाने’ असं लिहा. त्यात देणाऱ्याचं नाव आधी येतं.

‘अधिकारा’च्याच कुळातला आणखी एक शब्द जपावा असा : ‘धमकावणे’. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू अशुद्ध आत्म्याला धमकावून ‘गप्प राहा’ म्हणतो, चौथ्या अध्यायात वाऱ्यालाही तसाच धमकावतो. लोक चकित होऊन म्हणतात की हा अधिकाराने शिकवतो. ‘अधिकारवाणी’ हा आपला सुंदर शब्द इथे चपखल बसतो. मात्र यहूदाच्या पत्रात आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना स्वतः शिव्याशाप देत नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणतो. सैतानाला उद्देशून आरडाओरडा करायला शिकवण्याआधी मुलांना हे वचन दाखवावं.

‘भूत उतरवणे’ हा प्रयोग मात्र धड्यात अजिबात नको. पवित्र शास्त्रात भुतं ‘काढली’ जातात. ‘उतरवणं’ हे मांत्रिकाचं काम, आणि त्याबरोबर बाहेरची बाधा, मेलेल्या माणसाचा आत्मा, छडी, चटके अशा सगळ्या कल्पना येतात. भूत काढण्याच्या बहाण्याने कुणाला बांधून मारणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक डिसेंबर 2013 मध्ये आपल्या नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झालं. कुणी दिवसेंदिवस झोपत नसेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाकडेही न्या. ज्या लूकने यातली बरीच वर्णनं लिहिली त्याला प्रेषित पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे.

तुमच्या धड्यांच्या शीर्षकातल्या ‘युद्धा’बद्दल थोडंसं. ‘आध्यात्मिक युद्ध’ हा जोडशब्द पवित्र शास्त्रात नाही. तो इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या चित्रावरून बेतलेला आहे : विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. मूळ ग्रीक शब्द कुस्तीचा आहे. जुन्या हिंदी भाषांतरात तिथे ‘मल्लयुद्ध’ आहे, मराठीत ‘झगडणे’. आपल्याकडे झगडा म्हणजे शेजारणींचं भांडण झाल्याने ‘झगडणे’ आज फिकं वाटतं, तरी अंगाला अंग भिडण्याची खूण त्यात अजून आहे. शीर्षक ‘आध्यात्मिक युद्ध’ चालेल. पण त्याच वचनात आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही असं स्पष्ट म्हटलं आहे, ते पहिल्याच पानावर द्या. दुसऱ्या धर्माचा शेजारी, न पटणारी सासू, दुसऱ्या मंडळीचे पाळक, हे कुणीही शत्रूच्या बाजूला उभे करायचे नाहीत.

राहिलं शैतान-सैतान. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा. अरबी-फारसीतून आलेलं रूप ‘शैतान’, आणि हिंदीत तेच रूढ आहे. मराठीत ‘सैतान’ रुळला, मराठी पवित्र शास्त्रातही तोच आहे. हिंदी भाषांतरात काही ठिकाणी ‘इब्लीस’ येतं, त्या जागीही मराठीत सैतानच. धडे मराठीत आहेत, तेव्हा सगळीकडे ‘सैतान’ लिहा. मुलं वाचताना ‘शैतान’ म्हणाली तर म्हणू द्या.