नवख्या व्हीट्यूबरने (अ‍ॅनिमेटेड पात्राच्या रूपात लाइव्ह येणाऱ्याने) ट्विचवर सुरुवात करावी की यूट्यूबवर?

प्रेक्षक शून्यापासून जमवायचे असतील तर यूट्यूब. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटवर कमी प्रेक्षकांची चॅनेल यादीत तळाशी जातात आणि लाइव्ह संपलं की तुम्ही जवळपास दिसेनासेच होता. यूट्यूबवर १२ तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप व्हिडिओ म्हणून राहतं, सर्चमधून माणसं येत राहतात. प्रत्येक लाइव्हमधून दोन-तीन शॉर्ट्स नक्की काढा: १०८० बाय १९२० ची उभी फ्रेम, वर मॉडेलचा, म्हणजे तुमच्या अ‍ॅनिमेटेड पात्राचा, चेहरा, खाली गेम. आडवी क्लिप तशीच टाकली तर चेहरा नखाएवढा दिसतो आणि लोक पुढे सरकतात. ट्विचची खरी ताकद 'रेड' (raid) या सोयीत: लाइव्ह संपवताना आपले प्रेक्षक दुसऱ्या व्हीट्यूबरकडे पाठवा, ओळखी तिथेच होतात. ऑक्टोबर २०२३ पासून ट्विच एकाच वेळी इतरत्रही लाइव्ह जाऊ देतं. पण दोन्हीकडचं चॅट वाचणं झेपत असेल तरच.