सात नावांचा दगड

पत्र पहिलं. दापोली तालुक्यातून, एक निवृत्त शिक्षिका. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात लिंकनशायरला गेले होते. ती राहते त्या खेड्यात शेताच्या कडेला एक दगड उभा केलाय. त्यावर लँकॅस्टर विमानाचं चित्र, खाली सात नावं आणि वयं. थोरला सव्वीस वर्षांचा, धाकटा एकोणीसचा. नोव्हेंबरात गाव जमलं, सातही नावं मोठ्याने वाचली, लाल कागदी फुलं ठेवली. त्यातला एकही त्या गावचा नाही, दोघे तर कॅनडाचे! मग त्या गावाने एवढं का करावं? सातच का? आणि ही माणसं शहरांवर बॉम्ब टाकायला जात होती, त्याचं काय? थोरल्या नातवाला त्याच शेतात ॲल्युमिनियमचा तुकडा सापडला, तो त्याने घरी आणून ठेवलाय.

बाई, सातचं आधी सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. लँकॅस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, आणि आत माणसं सात: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर, एक पाठीवरच्या घुमटात आणि एक शेपटीत. पुढल्या खेपेला जाल तेव्हा नावापुढचे हुद्दे बघा आणि त्यातला फ्लाइट इंजिनिअर हुडका. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, त्यामुळे माझा जीव नेहमी त्याच्यात अडकतो. सुरुवातीच्या फ्लाइट इंजिनिअरांतले बरेचसे जमिनीवरचे फिटरच होते. वेल्समधल्या सेंट ॲथनला शिकवून त्यांना वर चढवलं. वैमानिकाच्या उजव्या बाजूला घडीची बैठक, तीही बऱ्याचदा दुमडलेलीच, कारण हा गडी उभाच. चारही मर्लिन इंजिनांच्या तेलाचे दाब, तापमानं, पंखांतल्या टाक्यांत मिळून सुमारे ९,८०० लिटर पेट्रोल, कुठल्या टाकीतलं किती संपलं, सगळं काळोखात कागदावर मांडत जायचं. एखाद्या इंजिनाने पेट घेतला तर ते बंद करायचं, त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेला वळवायची आणि उरलेल्या तिघांवर घर गाठायचं. जमिनीवर आम्ही जे दिवसाउजेडी, हातात स्पॅनर घेऊन, चहाच्या सुट्टीसकट करायचो, ते हा मुलगा कुणीतरी खालून तोफा डागत असताना करत होता.

शेपटीतल्या गनरची गत त्याहून वाईट. खोबण इतकी अरुंद की पॅराशूट अंगावर घालून बसताच येत नसे. ते पाठीमागच्या दाराबाहेर टांगलेलं. उडी मारायची तर आधी दार उघडून मागे वळायचं, पॅराशूट काढायचं, अडकवायचं, आणि मग विमान पडायच्या आत बाहेर. विजेवर तापणारा पोशाख असायचा, पण काळोखात शत्रूचं विमान नीट दिसावं म्हणून काहींनी तोंडासमोरची काचच काढून टाकली होती. म्हणजे गारठा थेट तोंडावर.

हे सातजण एकत्र कसे आले हेही ऐकण्यासारखं आहे. शिकाऊ पोरांना एका मोठ्या हँगरात सोडायचे आणि सांगायचे, आपापलं टोळकं जमवा. साहेबांनी नेमायचं नाही. ऑस्ट्रेलियाचा वैमानिक, कॅनडाचा नेव्हिगेटर, लंडनचा गनर, असं काहीही जमायचं. इंजिनिअर तेवढा पुढच्या टप्प्यावर येऊन मिळायचा. तीस मोहिमा झाल्या की एक फेरी संपली, पण तीस गाठणारे थोडे. बॉम्बर कमांड, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विभाग, त्याच्या सुमारे १,२५,००० उडत्या माणसांपैकी ५५,५७३ मेले. सगळे स्वखुशीने आलेले. त्यातले सुमारे ८,००० तर शिकताना किंवा अपघातात गेले, म्हणजे बहुतेक ब्रिटनच्याच शेतांत आणि डोंगरांत. लिंकनशायरची जमीन सपाट, जर्मनीच्या अंगाला, म्हणून धावपट्ट्यांची तिथे दाटी होती. गावोगावी असे दगड दिसतात त्याचं कारण हेच.

गावाने का करावं? बाई, आपल्याकडे किनाऱ्याला परका देह लागला तर पुढचं कोण बघतं? गावच. जात, धर्म, मुलूख मागाहून. तिथेही तेच झालं. रात्री शेतात विमान कोसळलं तेव्हा बादल्या घेऊन धावलेले शेतकरीच होते. शिवाय ब्रिटिश साम्राज्याचा नियम असा की परमुलखात पडलेल्याला तिथेच पुरायचं, देह घरी न्यायचा नाही, मग तो लॉर्डाचा मुलगा का असेना. कॅनडाच्या आईला त्या मातीवर येणं बहुधा कधीच जमलं नसणार. ज्यांचा देहच मिळाला नाही, अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकावर आहेत. हॉलंडात तर ड्रोंटेन नावाचं गावच समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलंय, आपल्या खारजमिनीसारखं. पाणी उपसलं तेव्हा चिखलातून लढाईतली विमानं वर आली, आणि त्यातल्याच एका लँकॅस्टरचा पंखा गावाने १९६५ मध्ये स्मारक म्हणून उभा केला.

बॉम्बांचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, पुष्कळजण तो गिळतात. हँबुर्गला जुलै १९४३ मध्ये एका आठवड्यात तीस हजारांच्या वर माणसं जळाली, ड्रेस्डेनला फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५,०००. बायका, पोरं, म्हातारे. याची लाज ब्रिटनलाही होती. म्हणूनच बॉम्बर कमांडचं मोठं स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कात उभं राहायला २०१२ साल उजाडलं, आणि तिथे बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सगळ्या देशांच्या माणसांचाही उल्लेख कोरलाय. माझं मत विचाराल तर धोरण आखणाऱ्यांच्या पुतळ्यावर वाद जरूर घालावा. शेताच्या कडेचा दगड एकोणीस वर्षांच्या पोराचा आहे, तो तिथे असू द्यावा.

तुकडा मात्र परत करा. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान जिथे पडलं ती जागा संरक्षित आहे. परवान्यावाचून तिथलं काही उकरणं, हलवणं गुन्हा. नातवाला रागावू नका. जावयांना सांगा, त्या दगडाची देखभाल करणाऱ्या मंडळींकडे नेऊन द्या, काय करायचं ते त्यांना माहीत असतं.

पत्र दुसरं. माणगावहून, बारावीचा विद्यार्थी. आमच्याकडे तहसील कचेरीजवळ यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतही त्यांचं स्मारक आहे असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

खरं आहे. नाईक यशवंत घाडगे, तुमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. हे एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने आडवं केलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण देह सापडला नाही, म्हणून नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

जुलै २०२३ मध्ये पेरुजिया भागातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. पहिल्या पत्रातल्या बाईंनी हेही वाचावं: तिथे परक्या पोरांसाठी इंग्रज गाव, इथे आपल्या पोरासाठी इटलीचं गाव. तुझ्या कॉलेजातल्या किती मुलांना पुतळा कुणाचा हे सांगता येतं, ते एकदा विचारून बघ आणि मला कळव.

पत्र तिसरं. गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातून, ग्रामपंचायत सदस्य. दुसऱ्या महायुद्धात आमच्या गावचे काही खलाशी बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, असं म्हातारी माणसं सांगतात. स्मारक करायचं ठरतंय. ग्रॅनाइटची कमान, मध्ये बोटीची प्रतिकृती, बाजूला देणगीदारांची नावं. खलाशांची नावं काही मिळत नाहीत. 'ज्ञात-अज्ञात वीरांना' लिहिलं तर चालेल ना?

नाही चालणार. देणगीदार सगळे ज्ञात आणि मेलेले अज्ञात, हे कसलं स्मारक?

रागावू नका, पण हे आपल्याकडे आधी होऊन गेलंय. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या. गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद झाली, पण हिंदी लोकांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली. साध्या शिपायांची पलटणवार संख्या. तिथल्याच कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, म्हणजे त्या संख्येत आपल्या कोकणातली माणसंही आली. इंग्रजाने आपल्याला मोजलं आणि सोडून दिलं. तुम्ही तर मोजतही नाही आहात.

आता कामाचं. पी. अँड ओ. या ब्रिटिश बोट कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची माणसं किती होती हे तुम्हाला मी सांगायला नको. खलाशी, टंडेल, सारंग, सगळे आपलेच. दुसऱ्या युद्धात व्यापारी बोटींवरचे अखंड हिंदुस्थानचे जवळपास ६,००० खलाशी गेले, नौदलाचे ४०० वेगळे. त्यांना थडगं नाही, म्हणून त्यांची नावं पुस्तकात लिहिली आणि त्याच्या दोन प्रती केल्या: एक चितगावला, दुसरी मुंबईत, मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या जुन्या वसतिगृहात, म्हणजे सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. मुंबईला आपल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी असतं. पाठवा एकाला.

त्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर शोध घ्या, फुकट आहे. नाव एकाच स्पेलिंगने शोधून थांबू नका. भरती करणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. मोहल्ल्यातलं एकच नाव तीन तऱ्हांनी सापडेल, खारव्यांच्या आळीतलं आडनाव बहुधा सापडणारच नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. बोटीचं नाव कळलं तर अर्धं काम झालं, कारण बोट कुठल्या तारखेला बुडाली ते नोंदलेलं असतं. घरोघरी विचारा: जुनी ट्रंक, बोटीच्या नोकरीचा दाखला, कंपनीचं पत्र, मनीऑर्डरची पावती. आणि दोन्ही वाड्यांत विचारा. हिंदूंची यादी वेगळी, मुसलमानांची वेगळी असला प्रकार दगडावर नको. बोट बुडताना तसं काही नव्हतं.

दगडाचं थोडक्यात. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही. काळा दगड घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या. नुसत्या रंगवलेल्या अक्षरांना आपला पाऊस दोन-चार वर्षांत पुसून टाकतो. लोखंडी कठडा खाऱ्या वाऱ्याने गंजून त्याचा लाल ओघळ दगडावर येतो, तेव्हा कठडा नकोच, चिऱ्याचा बुटका गडगा पुरे. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर आहे ना ते सातबाऱ्यावर बघून मगच ग्रामसभेत ठराव घ्या. अगदी पुळणीला लागून बांधणार असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, आधी विचारा. दर श्रावणात शेवाळ कोण घासणार त्याचंही नाव त्याच ठरावात घाला, शाळेवर ढकलू नका. देणगीदारांची यादी पंचायतीच्या कचेरीत फ्रेम करून लावा, कुणी नाराज होणार नाही.

नावं हाती आली की मजकूर मला पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ बघून देतो. कमानीचं मग बोलू.