गांडुळांचं पोट बघून वाढा

मागच्या अंकात घरच्या घरी गांडूळखत कसं करायचं ते थोडक्यात लिहिलं होतं, म्हणजे भोकं पाडलेला डबा, त्यात ओलसर कागद-पुठ्ठ्याचं अंथरूण, त्यात गांडुळं आणि वरून स्वयंपाकघरातला ओला कचरा, एवढंच. त्यावर भरपूर प्रश्न आले. बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच आहे, घरात जेवढा कचरा निघतो तेवढा सगळा डब्यात गेलाच पाहिजे असं आपण धरून चालतो आणि आतल्या जीवांना तो झेपतोय का हे बघायचं राहून जातं. तरी एकेक प्रश्न नीट घेऊ, कारण प्रत्येकाच्या डब्याचं दुखणं थोडं वेगळं आहे.

प्रश्न: ताई, डबा सुरू करून महिना झाला. आधी छान चाललं होतं, आता झाकण उघडलं की आंबूस घाण वास येतो, तळाला काळं पाणी साचलंय आणि गांडुळं सगळी वर येऊन झाकणाला चिकटलीत. काही मेली पण. घरातले म्हणतायत टाकून दे. काय करू?

टाकू नका हो, यातून डबा सावरतो. आधी आज काय करायचं ते सांगते. खायला घालणं एकदम बंद. वरचा न खाल्लेला बुळबुळीत थर हाताने काढून घ्या आणि कुठेतरी मातीत पुरून टाका. मग पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र फाडून, कोरडंच, तुम्हाला पुरे वाटेल त्याच्या दुप्पट घाला आणि हलक्या हाताने खालीवर करा म्हणजे आत हवा खेळेल, फावडं-बिवडं वापरू नका, गांडुळं कापली जातात. तळाची भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा आणि डबा दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल. झाकणाऐवजी काही दिवस जाळीचं कापड बांधलं तरी चालेल. वास दोनतीन दिवसांत उतरायला लागतो.

आता हे झालं कशामुळे ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीतून श्वास घेतं, त्यासाठी कातडी सतत ओली लागते पण आजूबाजूला हवा पण लागते. डब्यात ओला कचरा भसाभस पडत राहिला की तो दबतो, हवा जायची वाट बंद होते आणि हवा नसताना कुजवणारे जीवाणू जोर धरतात, तो आंबूस वास त्यांचाच. त्यात भाज्या-फळांच्या सालींमध्ये बहुतेक पाणीच असतं, म्हणून सांगते की झाकणाच्या डब्यात वरून पाणी शिंपडायची गरज क्वचितच पडते. गांडुळं झाकणाला चिकटलीत ती पळून जायच्या नादात नाहीत, श्वास घ्यायला आलीत.

दुसरं असं की गांडुळाला दात नाहीत. तुम्ही टाकलेली साल ते थेट खात नाही, आधी जीवाणू आणि बुरशी ती मऊ करतात आणि मग तो मऊ झालेला भाग आणि त्यावरचे जीवाणू असं सगळं मिळून ते गिळतं. नव्या डब्यात ही जीवाणूंची वस्तीच धड तयार नसते, त्यामुळे पहिले काही आठवडे डबा फार हळू चालतो, आणि नेमका तेव्हाच आपला उत्साह जास्त असतो. गांडूळ रोज स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते सगळं जमून आलेल्या जुन्या डब्याचं झालं. तुमच्याकडे अर्धा किलो गांडुळं असतील तर सुरुवातीला दिवसाला साधारण 100 ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि वजन करत बसायचं नसेल तर सोपी खूण म्हणजे मागचं घातलेलं निम्म्याहून जास्त दिसेनासं झालं की मगच पुढचं. प्रत्येक वेळी जेवढं ओलं तेवढंच किंवा थोडं जास्तच कोरडं, हे मात्र सोडायचं नाही. आतलं मिश्रण मुठीत घेऊन पिळलं तर एखाददोन थेंब यावेत, धार लागली तर पुठ्ठा वाढवा.

प्रश्न: बागेतली माती उकरून काढलेली गांडुळं डब्यात सोडली तर चालतील का? विकत कशाला घ्यायची?

नाही चालत, म्हणजे जगत नाहीत बहुतेक. मातीत खोल बिळं करून राहणाऱ्या गांडुळांना माती लागते, खोली लागते, थंडावा लागतो, डब्यातल्या कुजणाऱ्या कचऱ्यात ती तग धरत नाहीत. डब्यासाठी वरच्या पालापाचोळ्यात आणि शेणात राहणारी जात हवी. जगभर सगळ्यात जास्त वापरतात ती आयसेनिया फेटिडा, लालसर अंगावर पिवळट पट्टे असलेली, बारीक आणि चपळ, हातात जोरात धरली की पिवळट, वास येणारं पाणी सोडते. हिला 15 ते 25 अंश तापमान सगळ्यात मानवतं, 30 च्या पुढे त्रास व्हायला लागतो आणि 35 च्या आसपास मरतात. तुमच्याकडे उष्णता जास्त असेल तर युड्रिलस युजेनी ही आफ्रिकेतली मोठी जांभळट जात बरी, तिला ऊब चालते पण थंडी अजिबात सोसत नाही. ओळखीत कोणाचा चालू डबा असेल तर त्यातली दोन ओंजळी अंथरुणासकट मागून घ्या, गांडुळांबरोबर जीवाणू पण येतात, विकतच्या नुसत्या गांडुळांपेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न: काल गांडुळं आणून सोडली, सकाळी निम्मी जमिनीवर! डबा आवडला नाही का त्यांना?

नवीन जागेत पहिल्या एकदोन रात्री असं होतं. डब्यावर दिवा चालू ठेवा, उजेड त्यांना नको असतो त्यामुळे अंथरुणात शिरून बसतात. आठवड्यानंतरही बाहेर येत असतील तर मग आत काहीतरी बिघडलंय, ओल, आंबटपणा किंवा उष्णता, ते शोधा.

प्रश्न: लिंबूवर्गीय साली, कांदा, शिजवलेलं उरलेलं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा... नक्की काय घालायचं आणि काय नाही? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण प्रमाणावर सगळं अवलंबून आहे. कांद्याच्या दोन पाकळ्यांनी काही होत नाही, वाटीभर कांदा एका जागी टाकला तर गांडुळं तिकडे फिरकत नाहीत आणि तो सडून वास मारतो. संत्र्या-लिंबाच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते त्यांना बाधतं, त्यामुळे मोठ्या डब्यात एखादी साल ठीक, लहान डब्यात नकोच. चहा-कॉफीचा चोथा उत्तम, पण साखर-दुधाचा असेल तर धुऊन. शिजवलेल्याचा प्रश्न तेल आणि मिठाचा आहे. तेलाने हवा कोंडते आणि मीठ तर थेट कातडीला झोंबतं, म्हणून मी शिजवलेलं घालत नाही. मांस, मासे, दूधदुभतं, कुत्र्या-मांजराची विष्ठा यातलं काहीच नको.

अंड्याची टरफलं मात्र जरूर घाला, पण वाळवून बारीक पावडर करून. नुसती चुरडलेली टाकली तर वर्षभर तशीच दिसतात. ही पावडर दोन कामं करते, एक तर आंबटपणा मारते आणि दुसरं, गांडुळाच्या पोटात दळण्याची एक पिशवी असते तिथे हे बारीक कण जात्यासारखे काम करतात, दात नाहीत ना. चुना घालू का असंही एकाने विचारलंय. बांधकामाचा चुना नको, भाजतो तो, टरफलांची पावडर पुरते.

जनावरांचं शेण कुठून आणत असाल तर एक विचारून घ्या, जनावरांना नुकतंच जंताचं औषध दिलंय का. त्यातली काही औषधं शेणातून उतरतात आणि डब्यातल्या गांडुळांना मारतात.

प्रश्न: डब्यात बारीक चिलटं झालीत आणि मातीत पांढरे दोऱ्यासारखे किडे दिसतात. ती गांडुळांची पिल्लं आहेत का?

नीट जवळून बघा. गांडुळाचं नुकतं निघालेलं पिल्लू पण पांढुरकं, जेमतेम सेंटीमीटरभराचं असतं, पण त्याच्या अंगातून लाल रेघ आरपार दिसते, ती त्याची रक्तवाहिनी. रेघ नाही आणि किडा पूर्ण पांढरा, झुपक्याने एका जागी, तर ते वेगळे किडे, डबा आंबट आणि जास्त ओला झाल्याची खूण. गांडुळांना काही करत नाहीत, कोरडा पुठ्ठा आणि टरफलांची पावडर घातली की कमी होतात. उड्या मारणारे अगदी बारीक किडे दिसले तर तेही निरुपद्रवी आहेत, कुजवायला मदतच करतात.

चिलटांची अंडी फळांच्या सालींवरच घरात येतात. साली आधी दोनएक दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या तर ती मरतात आणि साली मऊ पडून लवकर कुजतात. मग बाहेर काढून साधारण तापमानाला येऊ द्या, अंथरुणात चार बोटं खोल पुरा आणि वरून कोरड्या कागदाचा जाड थर. उघड्यावर पडलेली साल म्हणजे चिलटांना आमंत्रण. जी झालीत त्यांच्यासाठी वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब ठेवा. कीटकनाशकाचा फवारा डब्याच्या आसपास पण नको.

प्रश्न: तळाचं काळं पाणी म्हणजेच व्हर्मिवॉश, गांडूळखताचं ते झाडांना द्यायचं पातळ खत ना? झाडांना किती द्यायचं?

ते नुसतं झिरपलेलं पाणी आहे, अर्धवट कुजलेल्या कचऱ्यातून आलेलं, त्यात रोगजंतू पण असू शकतात. वास येत असेल तर झाडाला देऊच नका. वास नसेल तर दहापट पाणी मिसळून फुलझाडांच्या मुळाशी चालेल, कच्च्या खायच्या पालेभाज्यांवर नको. आणि रोज वाटीभर निघत असेल तर डबा फार ओला आहे, त्याकडे आधी बघा.

प्रश्न: खत तयार झालं कसं ओळखायचं आणि गांडुळं वेगळी कशी करायची? एकेक वेचत बसायला वेळ नाही.

तीनचार महिन्यांनी खालचा थर काळपट, रवाळ, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचा दिसायला लागतो, त्यात साल कुठली आणि कागद कुठला ते ओळखू येत नाही. तेव्हा सगळं खत डब्याच्या एका बाजूला सारा, रिकाम्या बाजूला नवीन अंथरूण घालून खायला फक्त तिकडेच द्यायचं, तीनचार आठवड्यांत बरीचशी गांडुळं आपणहून सरकतात. घाई असेल तर प्लॅस्टिकच्या कागदावर खताचे छोटे ढीग करून वर दिवा लावा. उजेड टाळायला ती खाली खाली जातात, तुम्ही वरून थोडं थोडं खत काढत राहा, शेवटी तळाला गांडुळांचा गोळा उरतो.

हे करताना एक गोष्ट शोधा. मोहरीपेक्षा जराशी मोठी, घाट लिंबासारखा, एका टोकाला निमुळती, सुरुवातीला पिवळट आणि नंतर लालसर तपकिरी होणारी बारीक गुळगुळीत दाणी. ते कोष. उजेडासमोर धरलं की पिकलेल्या कोषात आत वळवळणारं दिसतं कधी कधी, मला तर ते बघताना वेळ कळत नाही. एका कोषातून दोनतीन पिल्लं निघतात, साधारण तीनचार आठवडे लागतात, आणि पुढे दोनएक महिन्यांत ती स्वतः कोष घालायला लागतात. म्हणून खत काढताना कोष दिसले की परत डब्यात टाका. आणि खत कुंडीत भरताना नुसतं खत भरू नका, एकूण मिश्रणाच्या 10 ते 20 टक्के पुरे. टोमॅटो, भोपळा असलं काही त्यातून आपोआप उगवलं तर घाबरू नका, हे खत तापत नाही त्यामुळे बिया जिवंत राहतात.

प्रश्न: माझी मुलगी विचारते, गांडूळ तुटलं की दोन होतात का, आणि त्यांना आपलं बोलणं ऐकू येतं का?

दोन होत नाहीत. शेपटाकडचा थोडा तुकडा गेला तर डोक्याकडचा भाग कधी कधी जगतो आणि शेपूट परत वाढतं, पण शेपटाचा तुकडा वेगळं गांडूळ होत नाही. तिला सांगा, तोडून बघू नको, इजा होते त्यांना.

दुसऱ्या प्रश्नावर चार्ल्स डार्विनने चक्क प्रयोग केले होते. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, ती ढिम्म. पण कुंड्या पियानोवर ठेवून स्वर वाजवला तेव्हा मात्र बिळात पळाली, म्हणजे आवाज कळत नाही, हादरा कळतो. 1881 साली गांडुळांवरचं त्याचं पुस्तक आलं त्यात हे सगळं आहे. म्हणून डबा वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवू नका.

प्रश्न: तीन आठवडे बाहेर जायचंय, शेजाऱ्यांना सांगू का खायला घालायला?

नका सांगू, प्रेमाने जास्त घालतील. जाण्याआधी नेहमीएवढंच खायला आणि भरपूर ओलसर पुठ्ठा घालून डबा सावलीत ठेवा, पुठ्ठ्यावर पण ती जगतात.

प्रश्न: गांडुळं इतकी वाढलीत की डबा पुरत नाही. जवळच्या जंगलात सोडली तर निसर्गाला मदतच होईल ना?

भावना चांगली आहे पण जंगलात नका सोडू. उत्तर अमेरिकेत हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांमध्ये मूळची गांडुळं नव्हती, युरोपातून माणसांबरोबर जी गेली त्यांनी जमिनीवरचा पानांचा थर फस्त केला आणि त्या थरात उगवणारी झाडं कमी झाली. आपल्या डब्यातली जात बहुतेक वेळा बाहेरचीच असते. तशीही डब्यात जागा आणि खाणं कमी पडलं की ती कोष कमी घालतात, संख्या आपोआप थांबते. जास्तीची कोणाला तरी डबा सुरू करायला द्या, ओलसर पुठ्ठ्यात गुंडाळून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून, आणि वाटेत गाडीत उन्हात ठेवून जाऊ नका.