आधी 'शुद्धीकरण' हा शब्द खोडा

कराडच्या ताई, तुमच्या आजी सांगायच्या की बाळंतीण पेटती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दारात थांबायची आणि फादर तिला आत न्यायचे. आता वहिनीसाठी तुम्हाला तोच आशीर्वाद हवाय आणि पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीत, कुणाला काही ठाऊक नाही. मिरजेत सुनेच्या पहिल्या बाळंतपणात मीही हेच विचारत फिरले होते. माहेर वसईचं, त्यामुळे आजीकडून ऐकलेलं डोक्यात होतं.

माझी चूक एकच, पण नडली. अर्जात मी 'बाळंतिणीचा शुद्धीकरण विधी' असं लिहिलं. आपल्याकडे सव्वा महिना, सोयर, विटाळ हे शब्द कानावर असतातच, तेच हातून उतरलं. ज्या कार्यालयात अर्ज दिला (नाव घेत नाही), तिथल्या गृहस्थांनी वरची ओळ वाचली आणि 'हे आता बंद झालंय' म्हणून कागद परत सरकवला. मी पुन्हा गेले तर बाळाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, मग लग्नाचा, मग 'साहेब बाहेरगावी गेलेत'. असे सात महिने. आशीर्वादाला दाखले कसले लागतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. असो.

त्याहून लागलं ते घरात. अर्जाची झेरॉक्स सुनेच्या हाती पडली. ती एवढंच म्हणाली, "आई, मी काय विटाळले होते का?" मी गप्प बसले.

खरं तर कॅथलिक चर्चच्या 1614 च्या रोमन विधिग्रंथात या विधीचं लॅटिन शीर्षकच 'बाळंतपणानंतर स्त्रीला आशीर्वाद' असं आहे. सूचनाही अशी, की आपण सुखरूप सुटलो म्हणून देवाचे आभार मानायला एखादी बाळंतीण स्वतःहून येईल आणि आशीर्वाद मागेल, तर द्यावा. 'येईल तर', म्हणजे सक्ती नाही. दिवसांचा हिशेब येतो बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातून: मुलगा झाला तर 40, मुलगी झाली तर 80. येशूच्या जन्मानंतर मरियामाता तो नियम पाळून यरुशलेमच्या मंदिरात गेली, त्याच्या आठवणीचा 2 फेब्रुवारीचा सण. पण तुमच्या वहिनीला मुलगी असेल तर कृपा करून ऐंशी मोजत बसू नका. कुणी मोजायला लागलं तर सरळ भांडा.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, तेव्हा शेवटचा शब्द फादरांचाच. पण माझं मत विचाराल तर लॅटिनचा आग्रह धरू नका. 2021 पासून जुन्या लॅटिन विधींवर रोमने बंधनं घातलीत, त्या वादात बाळंतिणीला कशाला ओढायचं? 1984 च्या आशीर्वादग्रंथात बाळंतपणानंतरच्या आईसाठी प्रार्थना आहे, ती मागा. बाप्तिस्म्याच्या शेवटीही आईला आशीर्वाद असतोच, फक्त तेव्हा सगळे फोटोच्या गडबडीत असतात. पूर्वी बाळाला दोन-चार दिवसांतच बाप्तिस्मा द्यायचे आणि आई घरी खाटेवर, म्हणून तिच्यासाठी वेगळा विधी होता.

जुन्या विधीतलं स्तोत्रही वाचता येईल: 'पृथ्वी परमेश्वराची आहे' असं सुरू होणारं. लॅटिन पुस्तकात त्याचा आकडा 23 आहे, आपल्या बायबलात 24. आपल्या बायबलात 23 उघडलंत तर मेंढपाळाचं स्तोत्र निघेल. आमच्या चर्चमध्ये बायबल वाचणाऱ्याने तेच वाचलं. बिघडलं काहीच नाही म्हणा.

दुसऱ्या नातवाच्या वेळी सुनेनेच विषय काढला. फादरांनी तिला दारातच पवित्र पाणी शिंपडलं आणि गळ्यातल्या पांढऱ्या स्टोलचं, म्हणजे विधीच्या वेळी घालतात त्या लांब पट्ट्याचं, टोक तिच्या हातात दिलं. ते धरून ती वेदीपर्यंत गेली. एका हातात मेणबत्ती, मेण बोटांवर ओघळत होतं, तरी सोडेना. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील.

सिझेरियन झालं असेल तर गुडघे टेकायला लावू नका, खुर्ची ठेवा. दारात वारा असतो, मेणबत्तीला काच लावा. आणि अर्ज लिहू नका. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांभोवती गर्दी असते, मधल्या वारी संध्याकाळी जा आणि तोंडीच विचारा, वहिनीला सोबत घेऊन.