जुन्या मर्सिडीजचा गळका रेडिएटर घरच्या पार्किंगमध्ये बदलता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: १९९६ची ई २२०, म्हणजे डब्ल्यू १२४ पिढीची मर्सिडीज, वडिलांकडून आलेली. दोन-तीन दिवसांआड पाणी घालावं लागतं. वर्कशॉपने रेडिएटर बदलायला सांगून डोळे पांढरे होतील असा आकडा दिलाय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलता येईल का, आणि तोवर पाणी घालत चालवली तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते जास्त तातडीचं आहे. नाही चालणार. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचं धड, बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. एकदा नीट तापलं की हेड वाकतं, आणि मग रेडिएटरचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. गावात चार किलोमीटर भाजी आणायला न्याल आणि काही होणार नाही, त्यामुळे भीड चेपेल. मग एखाद्या रविवारी खंबाटकी चढताना एसी चालू असेल आणि वरचा पाइप निसटेल. गाडी उभी ठेवा.

पहिल्याचं उत्तर: येईल, आरामात. माझ्याकडे याच पिढीची ई २५० डिझेल आहे आणि तिचा रेडिएटर मी इमारतीखालीच बदललाय. इंजिन वेगळं असलं तरी पुढचा भाग बराचसा सारखा आहे. मर्सिडीजने १९९५ साली पुण्यात, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, भारतात जोडायला घेतलेली पहिली गाडी हीच. युरोपात तेव्हा हिची पुढची पिढी यायला लागली होती, त्यामुळे आपल्याकडे आली ती दहा वर्षं मुरलेली, मेकॅनिकचे हात डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली गाडी. बॉनेटच घ्या. बिजागरीजवळचा खटका दाबून ते पार सरळ, काटकोनात उभं करता येतं. लोक वर्षानुवर्षं ही गाडी चालवतात आणि त्यांना हे माहीत नसतं. ते उभं केलं की अर्धं इंजिन उजेडात येतं. आजच्या कित्येक हॅचबॅकमध्ये याच कामासाठी बंपर उतरवावा लागतो.

पण पाने बाहेर काढायच्या आधी, गळतोय तो रेडिएटरच, याची खात्री करा. वर्कशॉपने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतः बघून. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन बसा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आतलं पाणी, जिथून झिरपतं तिथे वाळून पांढरट, कधी निळसर-हिरवट खपली धरते. या गाडीत पहिली शंका रेडिएटरच्या वरच्या तोटीवर घ्यायची, जिथे जाडा रबरी पाइप चढवलेला असतो. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, पण दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. पंचवीस-तीस वर्षं उष्णता खाऊन ते प्लास्टिक इतकं ठिसूळ होतं की काढताना तोटी बिस्किटासारखी हातात तुटून येते. दुसरी जागा म्हणजे टाकी आणि जाळी यांचा दाबलेला सांधा. तिथलं रबरी सील कडक झालं की गरम झाल्यावरच गळतं आणि थंड झाल्यावर कोरडं दिसतं. म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून प्रेशर टेस्टर आणा. हा छोटा हातपंप एक्स्पान्शन टाकीच्या (बॉनेटखाली कूलंट भरायच्या टाकीच्या) तोंडावर बसवून एक-सव्वा बारपर्यंत दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला आणि ओल रेडिएटरला दिसली, तर नवा आणा. ओल वॉटर पंपाखाली दिसली तर हे सगळं उत्तर तुमच्यासाठी नाही. ओल कुठेच नाही पण पायाशी गालिचा दमट आणि आत गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी गेली आहे. आणि ओलही नाही, वासही नाही, तरी पातळी उतरतेय, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

दोन जुने उपाय कुणीतरी सुचवेलच, म्हणून आताच सांगतो. पहिला हळदीचा. ट्रकवाले हमरस्त्यावर अडकले की रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकायचे. बारीक भेगेत ती जाऊन बसते आणि गळती थांबते, हे खोटं नाही. पण ती हळद फक्त भेगेत जात नाही, हीटरच्या केसासारख्या नळ्यांतही जाते आणि तिथेच राहते. बाटलीत मिळणारी स्टॉप-लीक पूडही त्याच जातीची. दुसरा उपाय नाक्यावरच्या रेडिएटरवाल्याकडे झाळून आणण्याचा. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला झाळकाम उत्तम चालायचं. इथे टाकी प्लास्टिकची, तिला झाळ धरणार कुठे? वरून इपॉक्सी चोपडून देतील, आणि पहिल्या घाटात ते सुटेल. तो पैसा नव्या रेडिएटरला लावा.

नवा घेताना गाडीचं वर्ष सांगून भागत नाही. ऑटोमॅटिकचा रेडिएटर वेगळा, कारण त्याच्या टाकीत गिअर ऑइल थंड करायची नळी असते. मॅन्युअलला ती नसते. रुंदीही इंजिनप्रमाणे बदलते. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, तो १२४ ५०० ने सुरू होईल. मग पुण्यात नाना पेठेतल्या पार्ट्सच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. बेअर (Behr) कंपनीचा मिळाला तर तो घ्या. मूळ पुरवठादारांपैकी आहे, आणि नंतरच्या बनावटीत वरच्या तोटीच्या आत धातूची बाही बसवलेली येते. तोटी तुटण्याचा आजार तिने जवळपास बंद केला. कुठलाही घ्या, पण दुकानातच तोटीत बोट घालून ही बाही आहे का ते बघा. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून वापरलेला रेडिएटर आणू नका. त्याचं प्लास्टिकही तुमच्या रेडिएटरइतकंच म्हातारं असणार. सोबत वरचा-खालचा पाइप, नव्या क्लिपा, थर्मोस्टॅट आणि एक्स्पान्शन टाकीचं झाकण घ्या. झाकणाला कोणी किंमत देत नाही, पण दाब धरतं ते झाकणच. त्यावर १४० छापलं असेल तर ते १.४ बारचं. त्याची झडप अडकली तर दाब वाढत जातो आणि सगळ्यात कमकुवत जागा फुटते. ती कोणती, ते वर सांगितलंच.

आता काम. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. खालचं प्लास्टिकचं आवरण असेल तर उतरवा (बहुतेक गाड्यांचं ते कुठल्यातरी गॅरेजात कायमचं राहिलेलं असतं). त्यासाठी गाडी उचलायची तर जॅकस्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टाकीचं झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाशी असलेला प्लास्टिकचा ड्रेन स्क्रू सैल करून कूलंट टबात घ्या. हा स्क्रू जोर लावून फिरवू नका. तो तुटला तर नुकसान नाही, रेडिएटर टाकायचाच आहे, पण अंघोळ होईल. एवढ्याने अर्धंच कूलंट निघतं, उरलेलं ब्लॉकमध्ये असतं. ब्लॉकलाही ड्रेन प्लग आहे आणि हात पोचत असेल तर तोही उघडा. निघालेलं पाणी गंजून चहाच्या रंगाचं असेल, तर नवा रेडिएटर बसवण्याआधी आतून धुणं आलं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूफूल, पाण्यात विरघळवून थोडा वेळ फिरवतात आणि मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून काढतात. हे जुना रेडिएटर जागेवर असतानाच उरकून घ्या, आणि तो आत्ताच भळभळा वाहत असेल तर नाद सोडा.

मग पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं. ते वरच्या बाजूला दोन पत्र्याच्या क्लिपांवर असतं. क्लिपा वर ओढल्या की कडं सुटतं आणि मागे पंख्यावर ढकलून ठेवता येतं, पंखा काढायची गरज नाही. वरचा पाइप, खालचा पाइप आणि टाकीकडे जाणारी बारीक नळी सोडवा. रबर चिकटलं असेल तर झटापट नको. पाइप नवा आणलाय ना, मग जुना ब्लेडने उभा चिरा. विशेषतः इंजिनाच्या बाजूला पेचकस खुपसून उचकटू नका, तिथल्या ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की नवा पाइपही झिरपतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलच्या दोन नळ्या उघडताना दोन पाने लावा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर नळी पिळली जाते. उघड्या टोकांना स्वच्छ बूच लावा. शेवटी वरच्या आडव्या पट्टीवरच्या, रेडिएटरला धरणाऱ्या दोन क्लिपा काढल्या की तो सरळ वर उचलला जातो. खाली तो रबरी गुटक्यांवर बसलेला असतो. ते गुटके रेडिएटरला चिकटून वर येतात आणि मग भंगारवाल्याकडे जातात, तेव्हा आधी मोजून काढून ठेवा.

रेडिएटर निघाला की समोर एसीची कंडेन्सर जाळी दिसेल. तिला हात लावू नका, आत गॅस आहे. दोन्ही जाळ्यांमध्ये तीस वर्षांचा कापूस, पानं, किडे आणि रस्त्याची धूळ यांचा एक नमदाच साचलेला असतो. मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार मारून तो काढा. प्रेशर पंप मारलात तर पाती आडवी होतील. एसी ट्रॅफिकमध्ये थंड करत नाही म्हणून गॅस भरत बसलेल्या कित्येकांचं खरं दुखणं हा नमदा असतो.

नवा रेडिएटर बसवताना पुठ्ठ्याचा एक तुकडा कंडेन्सरसमोर उभा धरून ठेवा, म्हणजे उतरवताना पाती घासणार नाहीत. पाइप तोटीवर पूर्ण चढवा आणि क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे आणा. आणि ती आवळताना हात आखडता घ्या. नव्या तोट्यांना पहिली भेग अनेकदा उत्साहाने आवळलेल्या क्लिपेमुळे जाते. गरम-थंड झाल्यावर पाव फेरा पुन्हा देता येतो.

कूलंटबद्दल आपल्याकडे एक ठाम गैरसमज आहे: इथे कुठे बर्फ पडतो, मग साधं पाणी का नको? गोठणं सोडा. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी १.४ बारच्या दाबाखाली १३० अंशांच्या पुढे उकळतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते आतलं ॲल्युमिनियम गंजू देत नाही. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात आणि नवा रेडिएटर काही वर्षांत जुना होतो. मर्सिडीजच्या ३२५.० या मानकाचं कूलंट घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म करा. या गाडीला सगळं मिळून आठ-नऊ लिटर लागतं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं कोण कशालाही देतं. डब्यावरचं मानक वाचा.

भरणं म्हणजे फक्त ओतणं नव्हे, आत अडकलेली हवा बाहेर काढणं. वरचा पाइप रेडिएटरला जोडायच्या आधी त्यातूनच इंजिनात कूलंट ओता, म्हणजे ब्लॉक आधी भरतो. मग पाइप जोडून टाकीतून सावकाश भरा. बॅटरी जोडा, हीटरची दोन्ही चाकं पूर्ण गरमवर ठेवा आणि गाडी सुरू करा. झाकण उघडं असेल तोवर जवळ उभे राहा, पातळी खाली गेली की घाला, आणि टाकी कोमट व्हायला लागली की झाकण लावून टाका. थर्मोस्टॅट ८५ ते ८७ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर वरचा पाइप थंड, आणि उघडला की चटका बसेल इतका गरम. हीटरमधून नीट गरम हवा येत असेल तर हवा निघाली असं समजा. काटा ८०च्या थोडा वर स्थिरावेल, आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून १००पर्यंत गेला तरी घाबरायचं कारण नाही. त्याच्या पुढे सरकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअर ऑइलची पातळीही बघावी, काढताना थोडं सांडलेलं असतं.

काढलेलं कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका आणि टब रात्रभर पार्किंगमध्ये उघडा ठेवू नका. ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्यानेही मरतात. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

पहिला आठवडाभर सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतली खूण बघत राहा. सुरुवातीला थोडी उतरेल, कारण उरलेली हवा निघत असते. भरा आणि पुन्हा बघा. त्यानंतरही उतरतच राहिली तर खाली कमेंटमध्ये लिहा, पण गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि प्रेशर टेस्टरवर काटा किती मिनिटांत किती उतरला, हे दोन्ही सांगा. त्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल.